बदल-आदेश क्रमांक सात

टॅमरॅक रस्ता उकरला तो जूनमध्ये,
शाळांना सुट्टी लागल्यावर,
सुपीरियर सरोवरावरून पहिला बर्फ यायच्या आत संपवायचा म्हणून.
डांबराखाली विटा निघाल्या. त्या नकाशात होत्या.
विटांखाली ट्रामचे रूळ. तेही होते, पेन्सिलीने.
रुळांखाली लाकडाची नळी निघाली,
अख्खं खोड पोखरून केलेली, तारेनं आवळलेली,
आतून अजून ओली.
ती कुठेच नव्हती.

कंत्राटदार ट्रूडोचा फोन आला, "बघून जा एकदा."
मी नगरपालिकेची हिशेबनीस. माझ्याकडे खड्ड्यात उतरायचे बूट नाहीत.
तरी गेले. काठावर उभी राहिले.
त्याने फावड्याने नळीवर टकटक केलं,
आत कुणी असल्यासारखं.
मग चार पावलं पुढे जाऊन नुसतं बोट दाखवलं:
बंद पडलेल्या पेट्रोल पंपाची टाकी,
कधीची गळत असलेली, आणि भोवती काळी माती.
तिचा वास बापाच्या गाडीत मागच्या सीटवर झोपल्यासारखा.
ही माती साध्या ट्रकनं जात नाही.
हिला वेगळा ट्रक लागतो, वेगळे हातमोजे,
दोन काउंटी पलीकडचा वेगळा खड्डा,
"आणि वेगळं बिल," ट्रूडो म्हणाला, जरा ओशाळून.

एक लाख चौऱ्याऐंशी हजार डॉलर.
आकस्मिक खर्चाच्या खात्यात एक्केचाळीस.
बाकीचे मी त्या रात्री शोधले
स्वयंपाकघरात, गार कॉफीसमोर,
सोफ्याच्या फटीत सुटे पैसे शोधावेत तसे.

ग्रंथालयाचं छप्पर, सत्तेचाळीस:
दोन हिवाळे बादल्यांवर निभावलं, तिसराही निभेल.
पाणी-निधीतून उसने:
डाव्या खिशातून उजव्यात, वर व्याज.
रस्त्यालगतच्या घरांवर फुटामागे अकरा डॉलर:
याला हात कोण वर करणार?
बर्फ ढकलायचा ट्रक, शहाण्णव:
पुढच्या वर्षी.
'पुढच्या वर्षी' हे मी इतक्यांदा लिहिलंय
की ते एखाद्या गावाचं नाव वाटायला लागलंय,
जिथे सगळं छान आहे
आणि जिथे जाणारा रस्ता खणून ठेवलाय.

सोमवारी सभा. चौदा माणसं, एक कुत्रा.
लेम्पी सारकेला उठली,
वय अठ्ठ्याऐंशी, घराची रुंदी सहासष्ट फूट.
"माझ्या आजोबांनी पुरली ती नळी.
शनिवारी खडक लागला, काम थांबलं,
अर्ध्या दिवसाची मजुरी गावाने दिलीच नाही.
ती आधी वळती करा. मग फुटांचं बोला."
लोक हसले. ती नाही.

दुसऱ्या दिवशी मी तळघरात गेले.
एकोणीसशे अकराची वही, उंदरांनी कोपरे खाल्लेली.
सापडलं. सारकेलाच्या जागी 'सर्कल',
पण रक्कम स्वच्छ: ऐंशी सेंट, देणे बाकी.
त्याच पानावर खाली, दुसऱ्या शाईत:
खडक लागला. अपेक्षित नव्हता.
जादा तीनशे बारा डॉलर,
बंबाच्या घोड्यांच्या वैरणीतून.

मी बराच वेळ ते पान मिटलं नाही.
कोण होता तो, माझ्या खुर्चीतला?
आणि घोडे त्या हिवाळ्यात काय खाऊन धावले?
धावले का?
ते वहीत नाही. वहीत बेरीज जुळते.

ठराव पाच विरुद्ध दोन.
फुटांचे पैसे वाचले. छप्पर गेलं, ट्रक गेला.
लेम्पीला ऐंशी सेंटचा चेक मी स्वतः नेऊन दिला.
तिने तो अजून वटवलेला नाही.
दर महिन्याच्या ताळेबंदात
ऐंशी सेंट लोंबकळत राहतात,
आणि मी ते तसेच ठेवते.

आता नोव्हेंबर. जुना ट्रक बावीस वर्षांचा.
तो चालवणारा रॉय ऑस्टमन म्हणतो,
शिवी दिली तर हलत नाही, गोड बोलावं लागतं.
पहाटे चारला कोपऱ्यावरच्या आवारातून
त्याची खोकल्याची उबळ ऐकू येते,
आणि मी गादीत डोळे मिटून मोजते:
एकदा.
दोनदा.
रॉय काहीतरी बोलतोय त्याच्याशी.